मोठी हाऊसिंग स्कीम मंजूर कशी होते आणि सोलापुरात कुठल्या टप्प्यावर काय बघायचं

विजापूर रोड म्हणा, होटगी रोड म्हणा, नाहीतर पुणे रोडला बाळे-केगावकडं जाताना म्हणा, अधूनमधून एखाद्या रानाला पत्र्याचं कंपाउंड पडतं, त्यावर स्विमिंग पूलचा फोटो लागतो आणि मग आजूबाजूच्या सोसायट्या जाग्या होतात, की अरे इथं दोनशे फ्लॅट येणार म्हणे, मग आपल्या रस्त्याचं काय, पाण्याचं काय. मग निवेदन जातं, नगरसेवकाला फोन जातो, पेपरात फोटो येतो. पण खरं सांगायचं तर पत्रे लागेपर्यंत जे ठरायचं ते जवळपास सगळं ठरून गेलेलं असतं, कारण आपल्याकडं एखाद्या बिल्डिंगच्या परवान्यासाठी लोकांची सुनावणी वगैरे होत नाही. नियमात बसत असेल तर परवाना देणं अधिकाऱ्याला भागच आहे. लोकांना बोलायची खरी संधी असते ती त्याच्या कितीतरी आधी, जेव्हा डीपी (शहराची विकास योजना) बनतो किंवा बदलतो तेव्हा, आणि तेव्हा कुणी फिरकत नाही.

म्हणून हे लिहितोय. फ्लॅट घेणारे, प्लॉट घेणारे आणि शेजारी राहणारे, तिघांनाही उपयोगी पडेल. मी फायलींच्या कामातला माणूस आहे, वकील नाही, त्यामुळं कलमं लागतील तेवढीच सांगतो.

आधी हद्द बघा

सगळ्यात पहिला प्रश्न म्हणजे जागा महापालिकेच्या हद्दीत आहे का बाहेर. सोलापूरची महापालिका १९६४ ची, पण आपण ज्याला हद्दवाढ भाग म्हणतो तो १९९२ ला आत आला आणि शहर एकदम १७८.५७ चौरस किलोमीटरचं झालं. जुळे सोलापूर, मजरेवाडी, सोरेगाव, शेळगी, बाळे, देगाव ही सगळी मोठ्या स्कीमची जागा याच पट्ट्यात. इथं परवाना देणार महापालिकेचं बांधकाम परवाना आणि नगररचना खातं.

हद्दीबाहेर गेलात की गोष्ट वेगळी. कुंभारीचंच घ्या, गोदूताई परुळेकर वसाहतीची १०,००० घरं २००६ ला झाली, त्यानंतर तिथंच रे नगरची ३०,००० घरांची स्कीम आली, त्यातल्या १५,००० घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या. म्हणजे अख्खं एक गाव उभं राहिलं, पण हे सगळं दक्षिण सोलापूर तालुक्यात, महापालिकेच्या बाहेर. तिथं परवानगी देणारा जिल्हाधिकारी, आणि तांत्रिक छाननी नगररचना विभागाची. ग्रामपंचायतीचा यात काय संबंध? लेआउट (जमिनीत प्लॉट आणि रस्ते कसे पाडायचे तो नकाशा) मंजूर करायच्या बाबतीत काहीच नाही. तरी "ग्रामपंचायत मंजूर प्लॉट" असा बोर्ड अजून दिसतोच रस्त्याकडेला. ग्रामपंचायतीनं घरपट्टीला नाव लावलं म्हणजे लेआउट मंजूर झाला असं नसतं बघा, घरपट्टी तर बेकायदा घरालाही लागते.

डीपी, म्हणजे खरी लढाई जिथं असते ती जागा

डीपी म्हणजे विकास योजना. कुठली जमीन रहिवासी (नकाशात पिवळी), कुठली शेती झोन म्हणजे ग्रीन झोन, कुठं बागेचं आरक्षण, कुठं शाळेचं, कुठनं किती मीटरचा रस्ता जाणार, हे सगळं त्यात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, सगळे त्याला एमआरटीपीच म्हणतात, त्याच्या कलम २६ खाली प्रारूप डीपी प्रसिद्ध होतो आणि ३० दिवसांत लेखी हरकती मागवतात. मग समिती सुनावणी घेते, हरकत घेणाऱ्याला बोलावते, अहवाल जातो आणि शेवटी शासन कलम ३१ खाली मंजुरी देतं. या ३० दिवसांत ज्यांचा रस्ता घरावरनं जातोय ते धावतात, बाकी गाव झोपलेलं. आणि बिल्डर लोकांची माणसं मात्र पहिल्या दिवशीच नकाशाचा फोटो काढून घेऊन जातात, त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, त्यांचा धंदा आहे तो.

दुसरी संधी कलम ३७ ची. डीपी मंजूर झाल्यावर मधेच एखाद्या जमिनीचा झोन बदलायचा किंवा आरक्षण हलवायचं तर "किरकोळ फेरबदल" म्हणून ही प्रक्रिया चालते. राजपत्रात आणि पेपरात सूचना येते, महिनाभरात हरकत द्यायची असते. ती सूचना पेपरात आतल्या पानावर, निविदा आणि हरवले-सापडलेच्या मधे, बारीक अक्षरात येते. त्यात "मौजे मजरेवाडी" किंवा "कसबे सोलापूर" असं लिहून सर्व्हे नंबर दिलेला असतो, सोसायटीचं किंवा चौकाचं नाव नसतं, त्यामुळं आपल्या मागच्याच रानाबद्दल आहे हे वाचणाऱ्याला कळतच नाही. म्हणून तुमच्या आजूबाजूच्या मोकळ्या जमिनींचे सर्व्हे नंबर एकदा लिहून ठेवा, जुना नंबर आणि नवा नंबर दोन्ही विचारून घ्या, हद्दवाढ भागात दोन नंबरांचा घोळ फार आहे.

हरकत लिहिताना भावनेत जाऊ नका. "आमच्यावर अन्याय होतोय" असलं तीन पानं लिहिलेलं कुणी वाचत नाही. सर्व्हे नंबर, नकाशातला रस्ता किंवा आरक्षण क्रमांक, तुम्हाला काय बदल पाहिजे, आणि का, एवढंच एका पानात. सोबत गुगल मॅपचा प्रिंट जोडला तर उत्तम.

आरक्षणाबद्दल अजून एक. लोक म्हणतात "अहो तिथं तर बाग होती डीपीत, बिल्डिंग कशी काय?" बऱ्याचदा उत्तर कलम १२७ असतं. डीपी लागू होऊन १० वर्षं झाली आणि महापालिकेनं जमीन घेतलीच नाही, तर मालक खरेदी सूचना देतो, त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उडतं. महापालिकेकडं पैसे नसतात, मुदत निघून जाते, बाग गेली. यात कुणी लपवाछपवी केलेली असेलच असं नाही, नुसतं न केल्यामुळं होतं. त्यामुळं आपल्या भागातल्या आरक्षणाला खरेदी सूचना आली आहे का, हे दरवर्षी माहिती अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात, विचारा की.

जमिनीचे कागद

यात फार खोलात जात नाही कारण वकिलाकडनं सर्च रिपोर्ट घ्यायलाच लागतो. पण ७/१२ उघडल्यावर नुसतं मालकाचं नाव बघून बंद करू नका. वर भोगवटादार वर्ग-१ आहे का वर्ग-२ ते बघा. वर्ग-२ म्हणजे विकायला किंवा वापर बदलायला शासनाची परवानगी आणि नजराणा (त्यासाठी सरकारात भरायची रक्कम) लागणारी जमीन, इनाम-वतनाच्या जमिनी आपल्याकडं भरपूर आहेत, देवस्थानच्या पण. आणि "इतर अधिकार" हा रकाना नीट वाचा, बँकेचा बोजा, कुळ, कोर्टाचा मनाई हुकूम, रस्त्याचा वाद, सगळी भुतं तिथं राहतात.

एनए (शेतजमीन बिगरशेती वापराला घेणं) बद्दल पण गैरसमज आहे. डीपीत रहिवासी झोन असलेल्या जमिनीला आता पूर्वीसारखी वेगळी एनए परवानगी मागत फिरायला लागत नाही, महसूल संहितेत तशा दुरुस्त्या झालेल्या आहेत, फक्त ठरलेले पैसे शासनाला भरायला लागतात. म्हणून कुणी "एनए आहे" एवढंच सांगत असेल तर ते अर्धंच सांगतोय. एनए म्हणजे जमीन वापरायची मुभा. लेआउट मंजुरी आणि बांधकाम परवाना हे वेगळे कागद.

आणि गुंठेवारी. हद्दवाढ भागात अर्धा-एक गुंठा करत विकलेल्या जमिनी ही आपल्या शहराची जुनी दुखणी. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, नंतर दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची प्रकरणं नियमित करता येतील असं झालं. म्हणजे आज नव्यानं कुणी रान तोडून प्लॉट विकत असेल आणि "नंतर गुंठेवारीत करून देऊ" म्हणत असेल तर चहा प्या आणि उठा.

लेआउट, आणि तो एक रस्ता

आता मुख्य गोष्ट. मोठी जमीन असली की आधी लेआउट, म्हणजे अभिन्यास. आर्किटेक्ट ऑनलाइन अर्ज करतो (बीपीएमएस म्हणतात त्या सिस्टिमला), सोबत ७/१२, मोजणी नकाशा, झोन दाखला, भाग नकाशा. महापालिकेतनं साइट व्हिजिट होते, त्रुटी निघतात, त्रुटी भरल्या जातात, परत त्रुटी निघतात. मग तात्पुरती मंजुरी, त्यानुसार भूमी अभिलेखकडनं जागेवर डिमार्केशन मोजणी, मग अंतिम मंजुरी. नियम कुठले लागतात, तर युडीसीपीआर, म्हणजे एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली, डिसेंबर २०२० पासून मुंबई वगैरे काही भाग सोडून बहुतेक राज्याला एकच.

या नियमावलीतले दोन-चार आकडे पाठ करून ठेवण्यासारखे आहेत. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी जागा असेल तर १० टक्के ओपन स्पेस सोडायला लागते. लेआउटच्या आतले रस्ते, लांबी १५० मीटरपर्यंत असेल तर ९ मीटर रुंद, १५० ते ३०० ला १२ मीटर, त्याच्या पुढं १५ मीटर. गावठाणाबाहेरच्या भागात मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते) १.१०, त्यावर प्रीमियम म्हणजे जादा शुल्क भरून आणि टीडीआर (दुसरीकडच्या जमिनीचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) आणून वाढवता येतो, वर रहिवासीला ६० टक्क्यांपर्यंत अॅन्सिलरी, म्हणजे पूरक एफएसआय. आणि हे वाढीव किती मिळणार हे ठरतं समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर.

म्हणून म्हणतो रस्ता बघा. सगळं रस्त्यावर आहे. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर वाढीव काही मिळत नाही, रस्ता रुंद होत जाईल तसं मजले वाढतात. मग नकाशावर रस्ता रुंद दाखवायचा मोह कुणाला होणार नाही? हद्दवाढ भागातलं एक प्रकरण मी जवळनं बघितलेलं आहे, नाव घेत नाही. मंजूर नकाशात पुढनं १२ मीटर डीपी रस्ता, हिरव्या रंगात व्यवस्थित. जागेवर टेप धरली तर डांबर आणि दोन्ही बाजूची माती धरून सात मीटर पण भरेना, पुढं गेल्यावर रस्ता एकदम एका ज्वारीच्या रानात घुसतो, बांधावर बाभळीचं काटेरी कुंपण आणि त्याच्या पलीकडं म्हातारा शेतकरी, तो म्हणाला मला कुणी विचारलंच नाही, माझं रान मी दिलेलं नाही. डीपीत रस्ता आहे हे खरं, पण तो महापालिकेच्या ताब्यात आलेला नव्हता. आणि आत सहा मजली दोन इमारती उभ्या, लोक राहायला आलेले, अग्निशमनची गाडी वळणार कुठनं ते विचारू नका.

तर करायचं काय? मंजूर नकाशा हातात घ्या, रस्त्याची रुंदी बघा, टेप घेऊन जागेवर जा. कमी भरली तर विचारा की उरलेला रस्ता कुणाच्या ७/१२ वर आहे आणि तो ताब्यात कधी येणार. बिल्डरनं स्वतःच्या जागेतनं रुंदीकरणाची पट्टी सोडली असेल तर ती नकाशात वेगळी दाखवलेली असते आणि क्षेत्रफळाच्या तक्त्यात वजा केलेली असते. तो तक्ता नकाशाच्या उजव्या अंगाला असतो बहुतेक, एकूण क्षेत्र, वजा रस्ता, वजा आरक्षण, ओपन स्पेस, निव्वळ प्लॉट, अनुज्ञेय एफएसआय, प्रस्तावित एफएसआय अशी ओळीनं रांग. प्रस्तावित बांधकाम लाल रंगात, पाडायचं असेल ते पिवळ्या तिरप्या रेघांत. एकदा दहा मिनिटं देऊन वाचला की ब्रोशरमधल्या बागेच्या जागी प्रत्यक्षात ट्रान्सफॉर्मर आहे हे कळतं.

ओपन स्पेसचं पण बघून ठेवा. ती विकता येत नाही. आपल्याकडं पद्धत अशी की आधी तिथं छोटं मंदिर येतं, मग सभामंडप, मग त्याच्या मागं कुणाची तरी खोली. देवाला कोण नाही म्हणणार.

मोठ्या शहरांत असतो तसा २० टक्के लहान घरांचा नियम सोलापुरात का नाही असं बरेच जण विचारतात. तो नियम १० लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या महापालिकांना आहे, आणि २०११ च्या जनगणनेत आपण ९,५१,५५८ वर अडकलो. पुढच्या जनगणनेचा आकडा आला की हे बदलू शकतं, ज्यांना स्वस्त घर पाहिजे त्यांनी लक्ष ठेवा.

एनओसींचा खेळ

पाणी आधी घेतो, कारण सोलापुरात राहून पाण्याआधी दुसरं काय घेणार. उजनीची लाईन, टाकळी, हिप्परगा हे सगळं असून नळाला पाणी दिवसाआड पण नाही, चार-पाच दिवसांनी, हे वर्षानुवर्षं भोगलंय सगळ्यांनी. अशा शहरात दोनशे फ्लॅटच्या स्कीमला पाण्याची एनओसी मिळते कशी? एनओसीची भाषा वाचा. "उपलब्धतेनुसार पाणीपुरवठा करण्यात येईल" किंवा पाणी येईपर्यंत बिल्डर स्वखर्चानं व्यवस्था करेल असलं हमीपत्र आहे का बघा. असं वाक्य असेल तर त्याचा साधा अर्थ टँकर आणि बोअर. मेंटेनन्समध्ये उन्हाळ्याचे टँकर किती धरलेत ते आधी विचारा.

पर्यावरण मंजुरी. केंद्राची २००६ ची ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामाची तपासणी) अधिसूचना, एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर लागते, राज्य पातळीवरच्या समित्यांकडं जाते. हे २०,००० मोजताना नुसता एफएसआय धरत नाहीत, पार्किंग वगैरे धरून. मग काही जण काय करतात, एकाच जमिनीचे ए, बी, सी असे तुकडे करून प्रत्येक १८-१९ हजारात बसवतात. एकच गेट, एकच क्लब हाऊस, पण कागदावर तीन प्रकल्प. असं दिसलं तर तक्रारीला हा सगळ्यात भक्कम मुद्दा. आणि हे पण सांगतो की गृहप्रकल्पांना या मंजुरीत जनसुनावणीतनं सूट आहे, त्यामुळं तिची वाट बघत बसू नका. कागदपत्रं मात्र केंद्राच्या परिवेश पोर्टलवर सगळ्यांना बघता येतात.

विमानतळ. होटगी रोडचं विमानतळ म्हटलं की उंचीचा विषय आलाच, साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ ला पाडली ती याच उंचीपायी, सगळ्या गावानं बघितलं. त्या बाजूला उंच बिल्डिंगची जाहिरात असेल तर विमानतळ प्राधिकरणाची उंचीची एनओसी किती मीटरला आहे ते बघा, जमिनीपासनं का समुद्रसपाटीपासनं हे पण, नाहीतर आकड्यात फसता. भुईकोट किल्ल्याच्या जवळ पुरातत्त्वचा नियम, १०० मीटरच्या आत नवीन बांधकाम नाही आणि त्याच्या पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. नाल्याकाठची जागा असेल, आदिला नाला विशेष करून, तर पूररेषा दाखवा म्हणा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळी ते लाल मधे अटी घालून. "इथं कधी पाणी येत नाही ओ" हे एजंटचं वाक्य असतं, शेजारच्या जुन्या घरातल्या आजीला विचारा, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलतं ती बोटानं दाखवेल.

झाडं तोडायची असतील तर वृक्ष प्राधिकरण, १९७५ चा कायदा, झाडावर नोटीस चिकटवायला लागते आणि हरकत मागवायला लागते. शेजाऱ्यांना थेट हरकत द्यायची ही एक कायदेशीर जागा आहे, लोक वापरत नाहीत.

परवाना, पैसे, रेरा

सगळं जमलं की चलन निघतं. विकास शुल्क, प्रीमियम (रेडी रेकनर म्हणजे जमिनीच्या सरकारी दरावर), बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार उपकर वगैरे. पैसे भरले की बांधकाम परवाना, म्हणजे प्रारंभ प्रमाणपत्र, सीसी. कायद्यात ६० दिवसांत निर्णय दिला नाही तर परवानगी मिळाली असं मानायची तरतूद आहे, पण ती फक्त नकाशा नियमात तंतोतंत बसत असेल तरच, त्यामुळं "डीम्ड परमिशन आहे" म्हणून कुणी सांगितलं तर जास्तच बारकाईनं बघा. सीसी एक वर्षाची असते, पुढं दरवर्षी मुदत वाढवून घ्यायची. तारीख बघा. आणि सीसी किती मजल्यांची आहे ते बघा, सातव्या मजल्याचा फ्लॅट बुक करताय आणि सीसी पाचपर्यंतच असं होतं.

रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीचा बिल्डरवरचा कायदा, आता सगळ्यांना माहिती आहे तरी. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि फ्लॅट ८ पेक्षा जास्त असतील तर नोंदणीशिवाय जाहिरात पण करता येत नाही, प्लॉटिंगलाही लागू. महारेराच्या (राज्याचं रेरा प्राधिकरण) साइटवर प्रकल्प उघडा, मंजूर नकाशा, सीसी, जमिनीचा टायटल रिपोर्ट, बोजा, पूर्ण करायची तारीख, सगळं तिथंच असतं. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा आहे, मोबाइल धरा आणि स्कॅन करा, बोर्डावर कोडच नसेल तर तिथंच समजून जा. करारनामा नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत. तुमच्याकडनं आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात. आणि मंजूर नकाशा बदलायचा तर दोन तृतीयांश खरेदीदारांची संमती लागते, ही संमती करारनाम्यातच आधी एका ओळीत लिहून घेतात बरं का, म्हणून करारनामा मराठीत समजून घ्या वकिलाकडनं, सही करायच्या आधी, नंतर नाही.

जोता ते वापर परवाना

जोत्यापर्यंत काम आलं की जोता तपासणी. मंजूर नकाशाप्रमाणं मार्जिन (बिल्डिंगभोवती सोडायची मोकळी जागा) सुटलंय का हे इथंच कळतं, शेजाऱ्यांनी हरकत घ्यायची तर याच वेळी, कारण आता फक्त जोतं आहे, उद्या सहा स्लॅब पडल्यावर पाडापाडी कुणी करत नाही. अनधिकृत असेल तर कलम ५३ खाली नोटीस काढायला लागते महापालिकेला. तुम्ही अर्जात "कलम ५३ प्रमाणे कारवाई करावी" असं लिहिलंत तर अर्ज योग्य टेबलावर जातो, नुसतं "चौकशी व्हावी" लिहिलंत तर फिरत बसतो.

शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, आपल्याकडं वापर परवाना म्हणतात. त्याआधी अग्निशमनची अंतिम एनओसी, लिफ्टचा परवाना, ड्रेनेज जोडणी, रेन वॉटर हार्वेस्टिंग हे सगळं पाहिजे. सोलापुरात वापर परवाना न घेताच राहायला जायची सवय लागलेली आहे, बिल्डर म्हणतो चावी घ्या, कागद मागनं येतोय, वास्तुशांतीचा मुहूर्त ठरलेला असतो, पाहुण्यांना पत्रिका गेलेल्या असतात, आणि माणूस जातो. मग बिल्डरला घाईच राहत नाही. पाण्याचं कनेक्शन, कर आकारणी, पुढं विकताना बँकेचं कर्ज, सगळीकडं तो कागद आडवा येतो. पार्ट ओसी असेल तर कुठल्या विंगची, कुठल्या मजल्यापर्यंत ते वाचा. राहायला गेल्यावर फायर सिस्टीमचं बी फॉर्म प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैला द्यायचं असतं, सोसायटी झाली की ती जबाबदारी तुमच्यावर येते. बांधकामातला दोष निघाला तर ताबा घेतल्यापासनं ५ वर्षांपर्यंत बिल्डरनं दुरुस्त करून द्यायचा, रेरातच आहे ते.

कागद मिळवायचा कसा

माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, नगररचना खात्याच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं, महापालिका म्हणजे इंद्रभुवनच्या आवारात. हद्दीबाहेरची जागा असेल तर जिल्हाधिकारी कार्यालय. मजकूर असा ठेवा: "मौजे अमुक, सर्व्हे नंबर अमुक या जागेवरील मंजूर अभिन्यास, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, जोता तपासणी दाखला आणि पाणीपुरवठा विभागाचा ना हरकत दाखला यांच्या प्रती मिळाव्यात." का पाहिजे ते लिहायची गरज नाही. "का मंजूर केलं?" असा प्रश्न विचारू नका, माहिती अधिकारात कागद मिळतो, कारण मिळत नाही, असला प्रश्न आला की अर्ज निकाली काढायला निमित्त मिळतं. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. खरेदीदार असाल आणि तक्रार बिल्डरची असेल तर महारेराकडं ऑनलाइन, फी ५,००० रुपये.

अर्ज देताना दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का, नंबर आणि तारीख घेऊन या. शिक्का मारणारा जेवायला गेला असेल तर बसा तिथंच.